गेल्या वर्षीचा होकार

आजचं वाचन: २ करिंथ ८:१०-१२, दानीएल ६:१०, योहान २१:१५-१७



मागच्या रविवारी उपासनेनंतर आम्ही चर्चच्या आवारात चहा घेत उभे होतो. युवक संघातल्या एका मुलीने मला विचारलं, "दादा, मनातून येत नसेल तर सेवा करायची कशाला? देव तर मन बघतो ना? मग नुसतं ठरलंय म्हणून जाणं, हे ढोंग नाही का?"

मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं. पण घरी येताना लक्षात आलं की ते उत्तर मला स्वतःलाच पटलेलं नव्हतं. कारण हा प्रश्न माझाही आहे. दर मंगळवारी पहाटे साडेपाचला अलार्म वाजतो तेव्हा तो मला पडतो.

आमच्या मंडळीत एक वयस्कर काका आहेत. एकटे राहतात. त्यांच्या दोन्ही किडन्या काम करत नाहीत, म्हणून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दर वेळी साधारण चार तास मशीन त्यांच्या रक्तातला कचरा आणि जास्तीचं पाणी काढून टाकतं. दीड वर्षापूर्वी, ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत पाळकांनी विचारलं की काकांना ने-आण करायला कोण तयार आहे? तिघांनी हात वर केले आणि तीन दिवस वाटून घेतले. माझ्या वाट्याला मंगळवार आला. सकाळी सहाला त्यांच्या बिल्डिंगच्या गेटवर गाडी घेऊन उभं राहायचं.

त्या रात्री हात वर करणं फार सोपं होतं. गाणी चालू होती, हातात मेणबत्ती होती, डोळ्यांत पाणी होतं. वाटलं, एवढंच ना प्रभू? आणखी काही सांग!

जूनमध्ये चित्र बदललं. पनवेलचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. त्यात आमचं ऑफिसचं काम असं की सोमवारी रात्री उशिरापर्यंत परदेशातल्या टीमबरोबर कॉल चालतात. पहाटे उठायचं, तर मनात सेवा-बिवा काही नसायचं. फक्त चिडचिड. आणि मग तोच विचार यायचा, की अशा मनाने जाण्यात काय अर्थ आहे?

आता पौलाकडे जाऊ या. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करायचं काम चालू होतं. करिंथच्या मंडळीने आदल्या वर्षीच होकार दिला होता. नुसता दिला नाही, तर सगळ्यांच्या आधी दिला. त्यांचा उत्साह एवढा की पौलाने मासेदोनियात जाऊन त्याचं कौतुक केलं, आणि ते ऐकून तिथले लोकही पुढे आले. पण करिंथचं काम मध्येच रेंगाळलं.

मग पौल काय करतो? तो रागावत नाही. आज्ञा करत नाही, हे तो स्वतःच सांगतो. तो म्हणतो की इच्छा करण्यात तुम्ही तत्पर होता, आता ते पुरं करण्यातही तसेच व्हा. आणि नुसतं सांगून तो थांबत नाही. तीताबरोबर आणखी दोन भावांना तो पुढे पाठवतो, म्हणजे आधी कबूल केलेली देणगी तयार राहील आणि ती ओढून काढल्यासारखी होणार नाही (९:५). मला हे फार आवडतं. पौलाला माणसाचं मन माहीत होतं. उत्साह खरा असतो, पण उत्साहाला कुणीतरी तारीख लावून द्यावी लागते.

इथे नीट बघा. पौल असं म्हणत नाही की तुमची इच्छा आता ओसरली आहे, म्हणून तुमचा होकार खोटा होता. त्याच्या दृष्टीने गेल्या वर्षीची इच्छा खरीच होती. ती अपुरी होती, एवढंच.

त्या मुलीच्या प्रश्नाचं मूळ मला इथे सापडलं. आपण असं धरून चालतो की या क्षणी जे वाटतं तेच माझं खरं मन, आणि आधी ठरवलेलं म्हणजे बाहेरून लादलेलं. पण असं का? ३१ डिसेंबरच्या रात्री, प्रार्थनेत, काकांचा चेहरा समोर असताना हात वर करणारा तो मी होतो. पहाटे साडेपाचला पांघरूण डोक्यावर ओढणाराही मीच. या दोघांतला खरा कोण? दुसरा जास्त प्रामाणिक आहे असं मानायला काय आधार आहे? तो जास्त दमलेला आहे, बस. मग मन लागत नसताना गेलो तर ढोंग कशाचं होईल? मी मनात नाही ते दाखवत नाही. मी आधी मनापासून जे बोललो ते पाळतो आहे. "काका, मला तुमच्यासाठी यायला खूप आनंद होतो" असं पहाटे सहाला तोंड भरून म्हणालो, तर ते ढोंग. गप्प बसून गाडी चालवली, तर तो दिलेला शब्द.

आपल्या पनवेलमध्येच या गोष्टीचा एक जुना साक्षीदार आहे. गावात बेथ एल नावाचं सिनेगॉग आहे, १८४९ सालचं. ते बेने इस्राएली लोकांचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं. त्यांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि वाचलेली माणसं इथेच राहिली. गावांवरून त्यांनी आडनावं घेतली, पेणकर, रोहेकर अशी. तेल गाळण्याचा धंदा केला. पिढ्यानपिढ्या त्यांच्याजवळ ना धर्मपुस्तक होतं, ना शिकवणारा. पण काही गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. मुलांची सुंता, खाण्याचे काही नियम, शमा ही प्रार्थना. आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून गावातले लोक त्यांना शनवार तेली म्हणायला लागले.

या नावाचा मी खूप विचार केला आहे. तेल तर रोज लागतं. शनिवारीही गिऱ्हाईक येत असणार. एखाद्या घरी लग्न असेल, दिवाळी तोंडावर असेल, शेजारचा घाणा चालू असेल. दर शनिवारी सकाळी उठून "आज मन काय म्हणतंय, घाणा लावू का?" असा विचार त्यांनी केला असता, तर हे नाव पडलंच नसतं. प्रश्न आधीच मिटलेला होता. शनिवार म्हणजे बंद. आणि गंमत बघा, नाव त्यांनी स्वतः घेतलं नाही, शेजाऱ्यांनी दिलं. त्यांचा नेम इतका पक्का होता की ज्यांना शब्बाथ हा शब्दही माहीत नव्हता त्यांनाही तो दिसला. पुस्तक नसताना विश्वास टिकवायला नेम केवढा उपयोगी पडला!

नेम हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. आपल्या मराठीला ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. वारकरी दर वर्षी जूनमध्ये "या वर्षी जावंसं वाटतंय का?" असं स्वतःला विचारत बसत नाही. वारी म्हणजे नेम. आपण ख्रिस्ती लोक मात्र कधीकधी नियमाला कृपेच्या विरुद्ध उभं करतो. "आम्ही नियमशास्त्राखाली नाही" हे खरंच आहे. पण ते आळसासाठी वापरायला कुणी सांगितलं?

दानीएलाकडे बघा. राजाशिवाय कुणाची प्रार्थना केली तर सिंहांच्या गुहेत टाकू, असा हुकूम निघाला. दानीएलाला कळलं. तो घरी गेला आणि यरुशलेमेकडच्या उघड्या खिडकीशी गुडघे टेकून दिवसातून तीनदा प्रार्थना केली, जशी तो पूर्वीपासून करत आला होता. या वचनातला माझा आवडता भाग हाच, की तो आधीपासून तसंच करत आला होता. त्या दिवशी त्याने काही मोठा निर्णय घेतला नाही. तो कितीतरी वर्षं आधी, साध्या दिवसांत घेऊन झाला होता. सिंह समोर दिसताना विचार करायला बसला असता, तर खिडकी बंद करण्याची शंभर चांगली कारणं त्याला सापडली असती. "देव मन बघतो, खिडकी कशाला बघेल?" हे त्यातलं पहिलं असतं.

आणि आपला प्रभूसुद्धा शब्बाथ दिवशी आपल्या परिपाठाने सभास्थानात गेला, असं लूक ४:१६ मध्ये लिहिलं आहे. देवाच्या पुत्रालाही परिपाठ होता. मग तुम्ही-आम्ही कोण?

आता आपल्या महाराष्ट्रातलंच, आपल्या विश्वासाच्या घरातलं उदाहरण. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि बालविधवांची स्थिती त्यांनी तिथल्या लोकांना सांगितली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षं मदत करायचं तिने कबूल केलं. विचार करा, ज्यांना कधी पाहिलं नाही, ज्यांची भाषा येत नाही, अशा मुलींसाठी दहा वर्षं! त्या होकारावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. सुरुवातीला दोनच विद्यार्थिनी. त्यातल्या गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

मग कसोटी आली. शाळेत धर्माचा प्रचार होणार नाही, हा रमाबाईंचा शब्द होता. पण त्या स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार उघडं ठेवत आणि काही मुली येऊन बसत. यावर पुण्यात मोठा वाद पेटला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या माणसांनी सल्लागार मंडळ सोडलं. पालकांनी मुली काढून नेल्या. शब्द मोडला की पाळला, यावरच तर भांडण होतं, आणि दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसं होती. बोस्टनच्या लोकांना हात काढून घ्यायला याहून चांगली संधी कुठली मिळाली असती? पण मदत चालू राहिली. दहा वर्षं पुरी झाल्यावर १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि कामाचा हिशेब दिला.

दर वर्षी नव्याने विचारलं असतं की "यंदा रमाबाईंबद्दल तुम्हाला काय वाटतं?", तर १८९३ साली काय उत्तर आलं असतं, सांगता येत नाही. दहा वर्षांचा होकार आधीच दिलेला होता, म्हणून वाईट वर्षात शाळा तगली. चांगल्या वर्षात होकाराची गरज कुणाला असते?

रमाबाईंचं पुढचं काम तर आपल्या हातातच आहे. साध्या बायकांना समजेल असं मराठी बायबल हवं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली-बायकांचा संसार सांभाळत जवळजवळ १८ वर्षं त्या भाषांतर करत राहिल्या. छापखानाही तिथलाच, आणि टाइप जुळवणाऱ्याही तिथल्याच बायका. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तेव्हा त्यांच्याकडचं काम झालेलं होतं. त्या १८ वर्षांत रोज सकाळी उत्साह वाटत असेल असं मला नाही वाटत. मुलगी गेल्यानंतरच्या सकाळी तर नाहीच.

आता दुसरी बाजू. नाहीतर माझंच लिखाण मला फसवं वाटेल.

आधी दिलेला शब्द म्हणजे आपोआप पवित्र गोष्ट नाही. इफ्ताहाचा नवस आठवा (शास्ते ११). उतावळेपणाने बोलला आणि किंमत मुलीने मोजली. हेरोदाने मेजवानीत शपथ घातली आणि पाहुण्यांसमोर तोंड राहावं म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं दिलं (मार्क ६). शब्द पाळला, पण पाप केलं. ज्या शब्दाची किंमत दुसऱ्याच्या जिवाने मोजावी लागते, त्याला चिकटून राहणं म्हणजे निष्ठा नव्हे. तिथे पश्चात्ताप करून मागे फिरणंच बरोबर. प्रभूने तर शपथ घेऊच नका असं शिकवलं. तुमचं होय हे होय असावं, एवढं पुरे (मत्तय ५:३७). आणि पौल १२व्या वचनात सांगतो की देणं आपल्याजवळ जे आहे त्याप्रमाणे मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नव्हे. तुम्ही आजारी असाल, घरात लहान बाळ असेल, तर मंडळीत कुणी अपराधी वाटायला लावलं म्हणून ओझं उचलू नका.

आणखी एक धोका आहे, आणि तो मला जास्त लागू पडतो. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी दर मंगळवारी आश्रमातल्या लोकांना व्रतांविषयी पत्रं लिहीत. पुढे ती 'मंगल प्रभात' नावाने पुस्तकात आली. त्यांचं एक म्हणणं असं की "जमेल तितकं करीन" म्हणणारा माणूस पहिल्याच मोहाला घसरतो. हे मी वाचलं आणि खूश झालो. वाटलं, मी तर जमेल तितकं म्हणणारा नाही. माझा मंगळवार पक्का आहे. बाकीचे दोघे कधीकधी बदली मागतात, मी मागत नाही.

आणि त्याच पावसाळ्यात मी पडलो.

सोमवारी रात्री आमचं रिलीज होतं. पहाटे तीनला लॅपटॉप बंद केला. साडेपाचला अलार्म वाजला, तो मी हातानेच बंद केला. जाग आली तेव्हा साडेआठ वाजले होते. फोनवर काकांचे दोन मिस्ड कॉल. तिसरा नव्हता. बाहेर मुसळधार पाऊस. मी तसाच निघालो. काका एका हातात काठी, दुसऱ्या हातात फाइलची पिशवी घेऊन पावसात रिक्षा शोधत गेले होते. मशीनवर उशिरा लागले होते आणि डोळे मिटून पडले होते. मी बाजूच्या स्टुलावर बसलो. सॉरी म्हणायलाही तोंड उघडेना.

पेत्र म्हणाला होता, सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही. त्याचा शब्दही आधी दिलेलाच होता. मग तो का मोडला? मला वाटतं, त्याच्या शब्दात येशूपेक्षा पेत्र जास्त होता. बाकीच्यांशी तुलना होती. दानीएल रोज तीनदा गुडघे टेकायचा, कारण त्याला ठाऊक होतं की गुडघे टेकल्याशिवाय आपलं चालत नाही. पेत्राला वाटलं आपलं चालेल. नेम दोघांकडे होता, पण एकाचा गरजेतून आला होता आणि दुसऱ्याचा अभिमानातून. माझा मंगळवार हळूहळू दुसऱ्या जातीचा झाला होता.

काकांनी डोळे उघडले. मला पाहिलं. रागावले नाहीत, "असू दे" असंही म्हणाले नाहीत. म्हणाले, "पुढच्या मंगळवारी येणार ना?"

मी नुसती मान हलवली.

नंतर योहान २१ वाचताना कळलं की समुद्रकिनाऱ्यावर प्रभूनेही पेत्राशी असंच केलं. तीनदा नाकारल्याचा हिशेब मागितला नाही. तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस ना? आणि तीनदा काम परत हातात दिलं. या खेपेला पेत्र बाकीच्यांशी तुलना करत नाही. एवढंच म्हणतो की प्रभू, तुला सगळं ठाऊक आहे. मोडलेला होकार पुन्हा द्यायची मुभा असणं, हीच कृपा. ती नसती तर आपल्यापैकी कुणी कधी कशालाही होय म्हणण्याची हिंमत केली नसती.

तर त्या ताईला माझं उत्तर हे आहे. मन लागत नसताना गेलीस तर ते ढोंग नाही. आपलं मन रोज टिकत नाही हे कबूल करून, ते चांगलं असताना आपण पुढच्या दिवसांची सोय करून ठेवतो. देव मन बघतो हे खरं. पण तो गेल्या वर्षीचं मनही बघतो, आणि ते विसरत नाही.

आजपासून काय करता येईल?

१. होकार लहान ठेवा. "मी सेवा करीन" याला वार नाही. "दुसऱ्या शनिवारी दोन तास" याला आहे.

२. कुणालातरी सांगा. पौलाने तीताला पाठवलं. तुमचा तीत कोण?

३. पडलात तर कोण उभं राहील हे आधीच ठरवा. आता सोमवारी रिलीज असलं की मी रविवारीच बाकीच्या दोघांना सांगतो. यात कमीपणा नाही, हे मी उशिरा शिकलो.

४. मुदत ठेवा. बोस्टनच्या लोकांनी दहा वर्षं म्हटलं होतं, जन्मभर नाही. मुदत संपली की प्रार्थना करून पुन्हा ठरवा.

प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, आमचा उत्साह तुला माहीत आहे आणि आमची झोपही. आम्ही भरल्या मनाने दिलेले जे शब्द अर्धवट पडले आहेत, त्यांची आज आठवण दे. ते पुरे करायला बळ दे. उतावळेपणाने आणि अभिमानाने जे बोललो, त्याची क्षमा कर. आणि जिथे आम्ही शब्द मोडला आहे तिथे तुझ्या कृपेने आम्हाला पुन्हा काम दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.

उद्या मंगळवार आहे. आज रात्री लवकर झोपतो.